भूर्जाच्या सालीवरचे नोव्हगोरोद

कोस्न्यातिन नावाच्या माणसाने अन्नावर आळ घातला होता. जावयासाठी तिने जामीनकी पत्करली, असे त्याचे म्हणणे. एवढ्यावर न थांबता त्याने तिला वेश्या म्हटले आणि तिच्या मुलीलाही तसलीच शिवी दिली. नवरा फ्योदोर घरी आला, त्याच्या कानावर हे गेले, आणि त्याने अन्नाला घराबाहेर काढले. तो तिच्या जिवावरच उठला होता. तेव्हा अन्नाने आपल्या भावाला, क्लिम्यताला, पत्र धाडले. कोस्न्यातिनला लोकांसमोर गाठून त्याला काय विचारायचे, तो असे म्हणाला तर काय उत्तर द्यायचे, हे सगळे तिने क्रमाने सांगितले. मी जामीन राहिल्याचा एक जरी साक्षीदार निघाला, तर मी तुझी बहीण नाही आणि नवऱ्याची बायकोही नाही. मग फ्योदोरकडे न पाहता तूच मला मारून टाक, असेही ती लिहिते.

हे पत्र सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे आहे. रशियाच्या वायव्येकडच्या नोव्हगोरोद शहरात, भूर्जाच्या सालीवर ते कोरले गेले. खटल्याचा निकाल काय लागला हे सांगणारे दुसरे पत्र सापडलेले नाही. पण कुठल्याही राजाच्या बखरीत जिला जागा मिळाली नसती अशा एका संतापलेल्या स्त्रीचा युक्तिवाद, तिच्या बोलीत, मुद्द्यांच्या तिच्याच क्रमाने, आज वाचता येतो. स्लाव्ह लोकांच्या सुरुवातीच्या इतिहासात ही फार मोठी गोष्ट आहे.

कारण हा इतिहास दीर्घकाळ इतरांच्या तोंडून ऐकावा लागला. सहाव्या शतकात प्रोकोपियस आणि जॉर्डेनिस यांनी डॅन्यूब नदीपलीकडच्या स्लाव्ह टोळ्यांबद्दल लिहिले ते बायझंटाइन साम्राज्याच्या बाजूने, सरहद्दीवरच्या धोकादायक शेजाऱ्यांबद्दल लिहावे तसे. स्लाव्हांना स्वतःची लिपी मिळाली ती नवव्या शतकात. मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव्ह याने बायझंटाइन सम्राटाकडे स्लाव्ह भाषेत धर्म शिकवणारे गुरू मागितले आणि ८६३ साली थेसालोनिकीचे दोन भाऊ, सिरिल आणि मेथोडियस, त्या कामगिरीवर निघाले. त्यांनी आपल्या गावाभोवतालच्या स्लाव्ह बोलीत धर्मग्रंथ उतरवले. मेथोडियस ८८५ मध्ये वारल्यावर त्याच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलण्यात आले. बल्गेरियाने त्यांना आसरा दिला आणि तिथे या ग्रंथभाषेला बहर आला. ९८८ मध्ये कीव्हच्या व्लादिमिरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा तीच भाषा, सिरिलिक लिपीसह, उत्तरेकडे गेली. पुढची कित्येक शतके पूर्व स्लाव्ह प्रदेशात पुस्तके लिहिली गेली ती मुख्यतः या चर्च स्लाव्होनिकमध्ये किंवा तिच्या दाट छायेत. बाजारात, शेतात, स्वयंपाकघरात लोक काय बोलत होते, याचा पत्ता त्यातून फार थोडा लागतो.

तो पत्ता लागला नोव्हगोरोदच्या चिखलातून.

इल्मेन सरोवरातून व्होल्खोव नदी बाहेर पडते तिथून जवळच, नदीच्या दोन्ही काठांवर हे शहर वसले आहे. एका काठावर १०४५ ते १०५० या काळात बांधलेले संत सोफियाचे कॅथेड्रल, समोरच्या काठावर बाजारपेठ. बाल्टिक समुद्राकडून येणारा व्यापारी मार्ग इथूनच दक्षिणेला वळत असे. ११३६ मध्ये नोव्हगोरोदकरांनी आपल्या राजपुत्राला हाकलून दिले. त्यानंतर राजपुत्र कोण असावा, हे ठरवण्यात शहराच्या सभेचा म्हणजे ‘वेचे’चा शब्द चालू लागला. बोयार म्हणजे जमीनदार सरदारांची घराणी आणि त्यांच्यातून निवडला जाणारा ‘पोसाद्निक’ म्हणजे नगरप्रमुख यांच्या हाती खरी सत्ता होती. उत्तरेच्या अफाट जंगलांतून इथे खारीची कातडी, मेण, मासे येत आणि जर्मन व्यापाऱ्यांमार्फत पश्चिमेला जात.

शहराखालची जमीन चिकणमातीची. पाणी खाली मुरत नाही, त्यामुळे वरचे थर कायम ओलेगच्च राहतात. त्यात हवा शिरत नाही आणि लाकूड कुजत नाही. चिखलामुळेच रस्ते लाकडी ओंडक्यांचे करावे लागत. ते रुतले की त्यांच्यावर नवे ओंडके टाकत. वेलिकाया नावाच्या रस्त्यावर असे एकावर एक २८ थर निघाले. झाडांच्या वाढीची वर्तुळे मोजून बोरिस कोल्चिन यांनी त्यांची साले काढली: सगळ्यांत खालचा थर ९५३ चा, सगळ्यांत वरचा १४६२ चा. म्हणजे साधारण अठरा वर्षांनी एकदा रस्ता नवा व्हायचा. दोन थरांमध्ये अडकलेली वस्तू कधीची हे त्यामुळे दोन-तीन दशकांच्या फरकाने सांगता येते. मध्ययुगीन युरोपात इतके नेमके कालमापन फार थोड्या शहरांच्या नशिबी आले आहे.

पुरातत्त्वज्ञ आर्तेमी आर्त्सिखोव्हस्की इथे १९३२ पासून खणत होते. रशियात पूर्वी भूर्जाच्या सालीवर लिहीत, असे उल्लेख जुन्या ग्रंथांत होते. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या योसिफ वोलोत्स्की या मठाधिपतीने लिहून ठेवले होते की, संत सेर्गी यांचा मठ सुरुवातीला इतका गरीब होता की तिथे पुस्तकेही सालीवरच लिहीत. पण शाई मातीत टिकणार नाही, तेव्हा असे काही हाती लागेल अशी आशा थोड्यांनाच होती. २६ जुलै १९५१ रोजी नीना अकुलोवा या कामगार स्त्रीला चौदाव्या शतकातल्या फळ्यांच्या फटीत सालीची एक गुंडाळी दिसली, आणि तिच्यावर अक्षरे. आर्त्सिखोव्हस्कींना बोलावले गेले. ते बोट वर करून क्षणभर नुसते उभे राहिले, तोंडातून शब्द फुटेना. मग त्यांनी ओरडून शंभर रूबलचे बक्षीस जाहीर केले. त्या मोसमात दहा पत्रे निघाली. आज एकट्या नोव्हगोरोदमधल्या पत्रांची संख्या ११०० च्या वर गेली आहे.

ती टिकली, कारण ती लिहिलेली नाहीत, कोरलेली आहेत. भारतातल्या भूर्जपत्रांवर शाईने लिहीत. नोव्हगोरोदकर मात्र लोखंडी, हाडाच्या किंवा लाकडी टोकदार लेखणीने सालीच्या मऊ, आतल्या बाजूवर अक्षरे दाबून काढत. शाई वापरलेली पत्रे संपूर्ण साठ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. साल फुकटची, लेखणी कंबरेला अडकवलेली. पत्र वाचले की फाडून रस्त्यावर टाकायचे. जपून ठेवावे असे त्यात काही आहे, हे लिहिणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मनातही नसे. म्हणूनच त्यातला मजकूर इतका उघडा आणि निर्धास्त आहे.

त्यातला बराचसा भाग पैशाचा आहे. कोणाकडे किती कुना आणि किती ग्रिव्ना (तेव्हाची चलने) येणे आहे याच्या याद्या, खंडाचा हिशेब, मिठाची आणि माशांची मागणी. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा झिझ्नोमिर मिकुलाला कळवतो की, तू प्स्कोव शहरात विकत घेतलेल्या दासीवरून इथे राजपत्नीने मला धरले आहे आणि राजाच्या शिलेदारांनी माझी हमी घेतली आहे. दासी चोरीची होती. आता ती कोणाकोणाच्या हातून आली याची साखळी उलगडायची आहे. ‘रुस्काया प्राव्दा’ या जुन्या कायदेसंहितेत अशा प्रसंगी काय करावे याची कलमे आहेत. झिझ्नोमिरच्या पत्रात त्या कलमांखाली सापडलेला माणूस बोलतो. चौदाव्या शतकातल्या ओन्त्सिफोर लुकिनिच आणि त्याचा मुलगा युरी या बोयारांच्या वाड्यात तर कुळांची गाऱ्हाणीच निघाली. एरवी इतिहासात मुक्या राहिलेल्या शेतकऱ्यांची ही पत्रे: कारभारी बदलून द्या, पीक गेले आहे, काय करू ते कळवा.

आणि मग पैशाशी संबंध नसलेली पत्रे येतात. एफ्रेम नावाचा भिक्षू इसुखिया या आपल्या सोबत्याला समजावतो: मी ठरल्याप्रमाणे आलो नाही म्हणून चौकशी न करता रागावलास, मठाधिपतीने मला मध आणायला पाठवले होते, आम्ही परतलो तेव्हा घंटा वाजत होती. मिकिता उल्यानाला लग्नासाठी विचारतो. मला तू हवीस आणि तुला मी, असे सांगून लगेच साक्षीदाराचे नावही देतो. अकराव्या शतकाच्या अखेरच्या एका स्त्रीने आपल्याकडे न फिरकणाऱ्या पुरुषाला लिहिलेले पत्र १९९३ मध्ये सापडले. तीनदा निरोप धाडूनही तू आला नाहीस, माझा काय राग आहे, असे विचारत ती पुढे बजावते की, माझी चेष्टा करशील तर देव तुझा न्याय करील. तिची वाक्यरचना कसलेल्या लेखिकेची आहे आणि पुस्तकी ग्रंथभाषेतला एक नम्र प्रयोगही तिने सहज वापरला आहे. साल फाडून तिच्या पट्ट्यांना गाठ मारलेली होती. पत्र पाठवणाऱ्या आणि पत्रे घेणाऱ्या स्त्रिया या साठ्यात सतत भेटतात. त्या काळातल्या युरोपातल्या कित्येक शहरांत अशा स्त्रिया दाखवणे अवघड जाईल.

ही साक्षरता कुठून आली? एका जुन्या बखरीत नोंद आहे की, १०३० मध्ये यारोस्लाव्ह राजा नोव्हगोरोदला आला आणि त्याने गावप्रमुखांची व पाद्र्यांची ३०० मुले गोळा करून त्यांना शिकायला बसवले. शिकणे म्हणजे काय असे, हे मात्र ओन्फिममुळे कळते. तेराव्या शतकाच्या मध्यावरचा हा सहा-सात वर्षांचा मुलगा. १९५६ च्या जुलैत दोन दिवसांत त्याची सालींची चळतच मिळाली. सालीच्या एका जुन्या डब्याच्या बुडावर त्याने आधी सगळी मुळाक्षरे काढली, मग एकेका व्यंजनाला स्वर लावत ‘ब, व, ग, द’, पुढे ‘बे, वे, गे, दे’ अशी ओळ धरली. मराठी शाळेतल्या बाराखडीसारखाच हा पाठ. मध्येच त्याचे मन उडते. डब्याच्या मागच्या बाजूला तो शेपटी वळवलेला प्राणी काढतो, शेजारी ‘मी जनावर आहे’ असे लिहितो आणि वर्गातल्या दानिलाला नमस्कारही कळवतो. आणखी एका सालीवर अकरा अक्षरांपर्यंत आल्यावर घोडेस्वार अवतरतो, आडव्या पडलेल्या शत्रूला भाला खुपसणारा, आणि त्याच्या शेजारी नाव: ओन्फिम. त्याच्या माणसांच्या हातांना कधी तीन बोटे, कधी जास्त. पण त्याच्या अभ्यासात स्तोत्रांच्या तुकड्यांबरोबरच ‘दोमित्रकडून येणे वसूल करायचे’ असे हिशेबी वाक्यही आहे. पोराला पुढे काय लिहावे लागणार, हे त्याच्या गुरूला ठाऊक होते.

नोव्हगोरोदच्या या खजिन्याचा सगळ्यांत मोठा लाभ भाषेच्या इतिहासाला झाला, आणि तोही उशिरा. पहिली तीस वर्षे अभ्यासकांना पत्रांतले शुद्धलेखन गोंधळाचे वाटे. एकाच ध्वनीसाठी कधी एक अक्षर, कधी दुसरे. शब्दांची रूपे पुस्तकांतल्यापेक्षा वेगळी. अर्धशिक्षितांच्या चुका, असे म्हणून ते बाजूला सारले जाई. अर्थ लागला नाही की, लिहिणारा चुकला असे धरून मजकूर दुरुस्त केला जाई.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आंद्रेई झालिझ्न्याक (१९३५–२०१७) या कामात आले. तोवर त्यांनी रशियन शब्दरूपांचा प्रचंड व्याकरणकोश सिद्ध केला होता आणि संस्कृत व्याकरणाची एक नेटकी रूपरेषाही लिहिली होती. त्यांनी भूमिकाच उलटी घेतली: लिहिणाऱ्याला लिहिता येते असे आधी गृहीत धरायचे, आणि पत्र अक्षरशः वाचायचे. मग दिसले की, अक्षरांच्या ठरावीक जोड्याच एकमेकांच्या जागी येतात. रोजच्या लेखनाची ती वेगळी, शिकवली जाणारी पद्धत होती. ती कळताच ‘चुकां’चा ढीग झपाट्याने वितळला.

सर्वांत गाजलेले उदाहरण २४७ क्रमांकाच्या, अकराव्या शतकाच्या पहिल्या अर्धातल्या पत्राचे. चोरीच्या आरोपाविषयीच्या त्या मजकुरात कुलूप आणि दारे यांच्याबरोबर ‘केले’ असा एक शब्द येतो. पहिल्या वाचकांनी त्याचा अर्थ भिक्षूची कोठडी असा लावला. झालिझ्न्याक यांनी दाखवले की, हा ‘शाबूत’ या अर्थाचा शब्द आहे: कुलूप शाबूत, दारे शाबूत, मालकाची तक्रार नाही, तेव्हा आळ घेणाऱ्यालाच दंड करा. पण मग तो ‘क’ मोठीच अडचण उभी करत होता. रशियन आणि झेकमध्ये हा शब्द ‘त्सेली’, स्लोवेनमध्ये ‘त्सेल’. मराठी ‘चाक’मधल्या ‘च’च्या जवळचा हा ध्वनी. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास काही स्वरांपुढच्या ‘क’चा असा बदल झाला, आणि तो झाडून सगळ्या स्लाव्ह भाषांत झाला, असे शंभर वर्षे प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापले जात होते. नोव्हगोरोदच्या बोलीत तो झालाच नव्हता.

याची चाहूल आधी एका अभ्यासिकेला लागली होती. प्स्कोवच्या खेड्यांतली बोली तपासताना सोफिया ग्लुस्किना यांना धान्य झोडपायच्या काठीला ‘त्सेप’ऐवजी ‘केप’ म्हणणारे शेतकरी भेटले. तिथे जुना ‘क’ अजून जिवंत आहे, असे त्यांनी १९६८ मध्ये मांडले. त्यांच्या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. भूर्जपत्रांनी त्यांची बाजू खरी ठरवली. खेड्यातल्या बोलण्याला आणि रस्त्यावर टाकलेल्या चिठ्ठ्यांना ‘अशुद्ध’ म्हणून दूर सारल्यामुळे किती काळ वाया गेला, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

एका ‘क’वरून पुढे बरेच काही हलले. पूर्वी चित्र सोपे होते: आधी एकसंध पूर्व स्लाव्ह भाषा, मग तेराव्या-चौदाव्या शतकापासून तिच्या रशियन, युक्रेनियन आणि बेलारूसी अशा तीन फांद्या. पण इल्मेनकाठची आणि प्स्कोवची बोली अकराव्या शतकातच इतरांपासून ठळकपणे वेगळी होती, आणि सगळ्यांत जुन्या पत्रांत ती सगळ्यांत वेगळी दिसते. कर्त्याची रूपेही तिथे निराळी. ‘ओन्फिम’ स्वतःचे नाव ‘ओन्फिमे’ असे लिहितो, ते त्याच बोलीला धरून. पुढच्या शतकांत हे अंतर कमी होत गेले. आजची रशियन भाषा घडली ती वायव्येची ही बोली आणि मॉस्को-रोस्तोव भागातली बोली जवळ येऊन, एकमेकींत मिसळून, असे झालिझ्न्याक यांचे प्रतिपादन. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन नोव्हगोरोद बोलीवरच्या त्यांच्या ग्रंथात हे सविस्तर आले आहे. भाषा फक्त फुटतातच असे नाही, त्या जुळतातही, हे इथे तारखांसह तपासता येते.

शहरही एकाच भाषेचे नव्हते. २९२ क्रमांकाचे तेराव्या शतकातले पत्र सिरिलिक अक्षरांत आहे, पण भाषा कॅरेलियन किंवा तिच्या जवळची. फिनिक भाषाकुळातला हा सर्वांत जुना उपलब्ध मजकूर, आणि तो विजेपासून रक्षणाचा मंत्र असावा असे मानतात. बाकी साठ्यात एखादे पत्र ग्रीकमध्ये, एखादे लॅटिनमध्ये, एखादे जर्मनमध्येही आहे. माणसांच्या नावांतही दोन जगे शेजारी नांदतात: झिझ्नोमिर, त्वेर्द्याता, गोस्त्याता ही जुनी स्लाव्ह नावे, आणि त्यांच्या जोडीला इव्हान, वासिल, अन्ना ही बाप्तिस्म्यातून आलेली. जसजशी शतके पुढे सरकतात तसतशी पहिली विरळ होत जातात.

पंधराव्या शतकात कागद स्वस्त झाला आणि साल मागे पडली. शहराचे स्वातंत्र्यही त्याच शतकात गेले. १४७१ मध्ये शेलोन नदीवर मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने नोव्हगोरोदचा पराभव केला आणि १४७८ मध्ये ते आपल्या राज्याला जोडले. याच वर्षांत त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन दख्खनमध्ये होता. चौलला उतरून जुन्नरला पावसाळा काढणाऱ्या या माणसाने आपली टिपणे रोजच्या बोलीच्या जवळच्या भाषेत लिहिली. ती वाचली, कारण मॉस्कोत एका राजलेखकाकडे पोहोचून ती बखरींत उतरवली गेली. नोव्हगोरोदच्या पत्रांना तसा कोणी वाली नव्हता.

इतरत्रही अशी पत्रे निघू लागली. स्ताराया रुस्सात पन्नासांहून अधिक, तोर्झोकमध्ये एकोणीस, शिवाय प्स्कोव, स्मोलेन्स्क, त्वेर, मॉस्को, बेलारूसमधले वितेब्स्क. प्रत्येक उन्हाळ्यात खणायचे आणि शरद ऋतूत झालिझ्न्याक यांनी मॉस्को विद्यापीठात नवी पत्रे फळ्यावर उलगडायची, असा रिवाज पडला. त्या व्याख्यानांना इतकी गर्दी होई की, लोक पायऱ्यांवर बसत. त्यांच्यानंतर हे काम अलेक्सेई गिप्पियस पुढे नेत आहेत. नोव्हगोरोदचा फारच थोडा भाग आजवर खणला गेला आहे. हजारो पत्रे अजून जमिनीत असावीत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

नोव्हगोरोदपासून फार दूर, आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या झ्वेनिहोरोदमध्ये, १९८० च्या दशकाच्या अखेरीला मोजून तीन पत्रे मिळाली. त्यातले एक बाराव्या शतकाच्या पहिल्या अर्धातले, गोवेनच्या विधवेने नेझेनेत्सला लिहिलेले. नावेचे ६० कुना दे, ती सांगते. मरायला टेकलेला असताना गोवेनने हे सांगितले आणि पाद्र्याने लिहून घेतले. पैसे लुकाकडे दे. नाही दिलेस तर राजाचा शिपाई घेऊन मी स्वतः येईन, आणि मग तुला जास्त भरावे लागेल.